कंपालाहून बाबांना

कंपाला, युगांडा
दि. २० जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. ज्येष्ठ नागरिक मंडळात तुम्ही आफ्रिकेवर बोलणार आहात आणि त्यासाठी तेथील देशांची माहिती हवी, असे तुम्ही लिहिले आहे. आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले देश ५४ आहेत. पण ही नावे आणि त्यांच्या राजधान्या तुम्ही वाचून दाखवू नयेत, कारण आपल्या नागपूरच्या धरमपेठेतले श्रोते दहाव्या नावापर्यंतही थांबणार नाहीत. उभी नोकरी तुम्ही पाटबंधारे खात्यात केली आहे, तेव्हा उंची आणि पाणी या दोन गोष्टींवरून बोललात तर कोणता देश कुठे आणि का आहे, हे पुष्कळसे आपोआप उलगडेल.

उंचीपासून सुरुवात करा. नागपूरहून फोन करणारे सगळे मला पहिल्यांदा येथील उन्हाबद्दलच विचारतात. कंपाला विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, तरी ते सुमारे १,२०० मीटर उंचीवर असल्यामुळे दुपारचा पारा सहसा तिशीच्या आतच राहतो. आपल्याकडे तो मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा तर २,३०० मीटरांहून उंच आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा मोठा भाग असाच पठारी आहे. पूर्वेकडे भूकवच ताणले जाऊन इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत खचदरी तयार झाली आहे, आणि तिच्या पश्चिम फाट्यात टांगानिकासारखी १,४७० मीटर खोलीची सरोवरे साचली आहेत. या सरोवरांवरूनच पुढे अनेक देशांच्या सीमा गेल्या.

पठाराचा आणखी एक परिणाम श्रोत्यांना अवश्य सांगा. येथील बऱ्याच नद्या समुद्राजवळ येताना पठारावरून कोसळतात. काँगोसारखी प्रचंड नदीसुद्धा किन्शासाच्या खाली धबधब्यांतून आणि खळाळांतून उतरते, त्यामुळे समुद्रातले जहाज थेट आत शिरू शकत नाही. हिवताप आणि हे धबधबे यांच्यामुळे युरोपीय लोक कित्येक शतके बहुतांशी किनाऱ्यालाच राहिले. पुढे हिवतापावरचे कोयनेल आणि वाफेची बोट हाती आल्यावर मात्र त्यांनी घाई केली. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत वाटणीचे नियम ठरले, तेथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता, आणि त्यानंतर आखलेल्या रेषांमुळे आज १६ देशांना समुद्रच नाही. युगांडा त्यांतलाच एक आहे. आमचे बहुतेक आयात सामान केनियातील मोंबासा बंदरातून रस्त्याने येते आणि त्याचा भार किमतींवर पडतो. १९६४ मध्ये कैरोला जमलेल्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा मान्य करण्याचे ठरवले. रेषा चुकीच्या होत्या हे त्यांनाही ठाऊक होते. पण त्या पुसायला घेतल्या असत्या तर अधिक रक्त सांडले असते, असे मला वाटते.

आता नाईल, कारण तुम्हाला खरा रस तिच्यातच येईल. कंपालाच्या पूर्वेला जिंजा येथे श्वेत नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. (१९४८ मध्ये गांधीजींच्या रक्षेचा काही अंश याच ठिकाणी विसर्जित झाला होता.) १९५४ मध्ये तेथे धरण पूर्ण झाले आणि ६८,००० चौरस किलोमीटरांहून मोठे नैसर्गिक सरोवरच जलाशय म्हणून हाती आले, याचा तुमच्या खात्यातल्या कोणालाही हेवा वाटेल. पुढे दक्षिण सुदानमध्ये ही नदी सड्ड नावाच्या दलदलीत पसरते आणि तिचे जवळजवळ निम्मे पाणी उडून जाते. ते वाचवण्यासाठी जोंगलेई कालव्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले. बराच कालवा खोदून झाल्यावर यादवी युद्धामुळे ते बंद पडले, ते अजून बंदच आहे. तुम्हाला पटणार नाही, पण ते अर्धवट राहिले याचे मला वाईट वाटत नाही. पाणी वाया जाते असे खालच्या देशांना वाटते. त्या दलदलीच्या काठच्या चराऊ रानांवर जगणाऱ्या डिंका आणि नुएर गुराख्यांना तसे वाटत नाही.

खार्टूमला इथिओपियातून येणारी नील नाईल तिला मिळते. इजिप्तला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांवरून, मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या पावसातून येते. तरीही १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५ अब्ज आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी ठरले, इथिओपियाला काहीच नाही. त्या देशाने २०११ मध्ये स्वतःचे धरण बांधायला घेतले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. साठवण ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे तुमच्या भाषेत सुमारे २,६०० टीएमसी (अब्ज घनफूट). इजिप्तला याची धास्ती का वाटते, हे नागपूरकरांना चटकन समजेल: वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारे पाणी घटले, आणि २०१९ मध्ये पाऊस लांबल्यावर शहराने दिवसाआड पाण्याचे दिवस पाहिले. फरक इतकाच की येथे निवाडा करायला वर केंद्र सरकार नाही.

सहाराबद्दल फार बोलू नका. ते सगळ्यांना माहीत असते.

एक विनंती आहे. सभागृहात नकाशा लावणार असाल तर मर्केटर पद्धतीचा लावू नका, कारण त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आणि भारताच्या नऊपट मोठी आहे. प्राकृतिक नकाशा मिळाला तर तो आधी लावा आणि देशांचा नंतर. सीताबर्डीच्या दुकानात मिळाला नाही तर कळवा, मी येथून छापण्याजोगी प्रत पाठवतो. मात्र भाषणाची तारीख लवकर कळवावी.

आईला साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा मुलगा