तुझं लिखाण जागेवर आहे

देवगड

चि. बायो हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लिखाणाचा फोल्डर सुखरूप आहे, हे आधी सांगतो. ‘सगळं एकात एक झालंय’ असं दादा फोनवर म्हणाला, तेव्हापासून तुझा जीव टांगणीला लागला असेल. गेलं काहीच नाही, नुसतं मिसळलंय.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून दादाने कॉम्प्युटर दुकानात नेऊन ११ टाकून आणलं. सी ड्राईव्ह भरू नये म्हणून तिथल्या माणसाने आपल्या तिघांचंही डॉक्युमेंट्स डी ड्राईव्हवरच्या एकाच फोल्डरला जोडून दिलं. लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा, पण आत गेलं की सगळ्यांचं सामान एकाच खोलीत. माझे सातबारे, आठ-अ, हापूसच्या मानांकनाची कागदपत्रं, दादाची पेट्यांची बिलं, आणि मधोमध ‘न्यू फोल्डर ३’ नावाने तुझं लिखाण. सी ड्राईव्हवर आपापल्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं, तेव्हा दुसऱ्याच्या साध्या अकाउंटवरून ते उघडत नाही. डी वर तशी आडकाठी नव्हती.

मी ते उघडलेलं नाही. दादालाही हात लावू दिला नाही. तू काय लिहितेस ते तुला वाटेल तेव्हा दाखव, नाही दाखवलंस तरी चालेल.

आधी सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतलं. कट नाही, कॉपीच. पावसात इथे लाईटचा भरवसा नाही, तुला माहीत आहेच. मग माझं आणि दादाचं डॉक्युमेंट्स परत आपापल्या जागी जोडून आमचं सामान तिथे कॉपी केलं, डी वरचं अजून तसंच आहे. तुझ्या अकाउंटवरून मात्र ते तुलाच करावं लागेल. तुझा पासवर्ड मला नको आणि तो बदलायचाही नाही.

गणपतीला आलीस की लॉगिन कर, डॉक्युमेंट्सवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन. तिथे ‘रिस्टोअर डीफॉल्ट’ दाब आणि अप्लाय कर. मग ते विचारेल, जुन्या जागेवरच्या सगळ्या फायली नव्या जागी हलवू का? इथे ‘नो’ म्हण. ‘येस’ म्हटलंस तर डी वरचं आमचंही सगळं तुझ्या फोल्डरात जाईल आणि परत तोच घोळ. ‘नो’ म्हटल्यावर डॉक्युमेंट्स रिकामं दिसेल, घाबरू नकोस. डी वरून फक्त तुझं तेवढं कॉपी करून घे, दोन-चार फायली उघडून बघ, आणि मगच तिथलं पुसून टाक.

घरात सगळ्यांना लागणारं, म्हणजे रेशनकार्ड, घरपट्टी, लाईटबिलं, ते आता ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलंय. तिघांनाही दिसतं.

आणखी एक. दादाचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं होतं. तशा अकाउंटवरून दुसऱ्याचा फोल्डर उघडायला गेलं की विंडोज ‘कंटिन्यू’ विचारतं, आणि ते दाबलं की परवानगी कायमची मिळते. दादाच्या मनात काही वाईट नाही, पण घाईत माणूस काहीही दाबतो. म्हणून रोजची तिन्ही अकाउंटं साधी केली. अ‍ॅडमिनचं वेगळं आहे, ते फक्त नवीन काही टाकायचं असेल तेव्हाच उघडायचं.

लिखाणाची एक प्रत तुझ्या पेनड्राईव्हवरही ठेव. इथल्या खाऱ्या हवेत मशीन किती टिकेल, सांगता येत नाही.

आई विचारते, गाडीचं रिझर्वेशन झालं का. कळव.

तुझे
बाबा