मस्कतहून मित्रास पत्र

मस्कत,
डिसेंबरअखेर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

“वाळवंटात तुम्ही वर्षभर करता तरी काय?” असे तू मागे फोनवर विचारलेस, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, कारण त्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते. आता इथे थंडी पडली आहे, म्हणजे संध्याकाळी गच्चीवर सुखाने बसता येईल इतपत. मुलांना नाताळची सुटी आहे, आणि सरत्या वर्षाचा हिशेब तुझ्यापुढे सविस्तर मांडावा असे वाटते. एक गोष्ट आधीच सांगतो. ओमान हा देश आम्ही पाहिला तो स्वतःच्या हौसेपेक्षा इतरांच्या निमित्ताने. नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्या माणसाचे दिवस ऑफिस, मुलांची शाळा आणि आठवड्याचा बाजार यांतच संपतात. कोणी भेटायला आले किंवा इथला कोणी कायमचा निघाला, की मगच गाडी शहराबाहेर पडते. यंदा दोन्ही प्रकारची माणसे होती, त्यामुळे वर्ष भरगच्च गेले.

फेब्रुवारीत नाशिकचे आमचे स्नेही सहकुटुंब आले. त्यांच्यासोबत त्यांचे वडीलही होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने अबोल, आणि मस्कतमधली भव्य मशीद, सुलतानाचा राजवाडा, मत्रहचा जुना बाजार हे सारे त्यांनी सौजन्याने पण काहीशा अलिप्तपणे पाहिले. निझवा या शहरी गेल्यावर मात्र चित्र पालटले. शुक्रवारी सकाळी तिथे शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो. विकणारे आपापली जनावरे दोरीला धरून गोल फिरतात आणि घेणारे दोन्ही बाजूंनी उभे राहून त्यांना अडवतात, दात पाहतात, पाठ चाचपतात आणि भाव ओरडून सांगतात. तिथून आम्ही किल्ल्यात गेलो. सतराव्या शतकाच्या मध्यावर इमाम सुलतान बिन सैफ याने बांधलेला त्याचा प्रचंड गोल बुरूज प्रसिद्ध आहे. आमच्या धाकट्याला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली, ती म्हणजे दारांवरच्या फटींतून हल्लेखोरांवर खजुराचा उकळता पाक ओतत असत. त्यानंतर कित्येक दिवस तो खजुराकडे आदराने पाहत होता.

काकांचे मन रमले ते फलजजवळ. डोंगराच्या पोटातले पाणी केवळ उताराच्या जोरावर, पंप न लावता, मैलोन्‌मैल गावापर्यंत आणणारे हे पाट ओमानभर आहेत. त्यांपैकी पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्यांतला फलज दारिस निझवाजवळच वाहतो. काका काठावर बसले, पाण्यात हात घातला आणि वाटपाची रीत विचारू लागले. माझ्या ऑफिसातला सहकारी तिथलाच असल्याने त्याने सारे समजावून सांगितले: आधी पिण्यासाठी, मग मशिदीसाठी व आंघोळीसाठी, आणि उरलेले शेतांसाठी, शेतांची पाळी पूर्वी दिवसा सूर्याच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत असत, आणि पाण्याचे हक्क वारशाने मिळतात, विकलेही जातात. काकांनी त्याला आपल्याकडची फड पद्धत सांगितली. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून गावकऱ्यांनी शतकानुशतके आपसांत पाणी वाटून घेतले, पाटकऱ्याने वेळेवर दार उघडले आणि सरकारचा त्यात हात नव्हता, हे मी दुभाषा होऊन सांगत होतो. आणि ते दोघे एकमेकांची भाषा न जाणता माझ्याशिवायच हाताने उतार व वळणे दाखवू लागले, तेव्हा माझे काम संपले.

त्याच सहकाऱ्याच्या घरी दुपारचे जेवण होते. ओमानी घरी जाणे म्हणजे आधी मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दालनात, गालिच्यावर बसणे, मग खजूर व फळे, मग कहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली कडवट कॉफी. कहव्याचा पेला अगदी चिमुकला असतो आणि तो उजव्या हातातच घ्यायचा. पुरे झाले की हलकेच हलवून परत द्यायचा, नाहीतर यजमान भरतच राहतो. ही गोष्ट काकांना सांगायची राहून गेली आणि नको म्हणणे त्यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे त्यांनी किती पेले घेतले हे विचारू नकोस. बायका आतल्या दालनात गेल्या. जेवणाला भल्यामोठ्या परातीत भात आणि त्यावर मटण होते. शाकाहारी पाहुणे असल्याचे कळताच त्या माउलीने भोपळ्याची आणि भेंडीची भाजी वेगळी करून ठेवली होती. जेवणानंतर धुपाटणे फिरले. सुगंधी धूर अंगावर घेतला की पाहुण्याने निरोप घ्यायचा असा इथला संकेत आहे, आणि मला तो फार सोयीचा वाटतो. आपल्याकडे दारात उभे राहून जो तासभर निरोप चालतो, त्याला असा काही उपाय हवा होता.

मार्च रमजानचा गेला. दिवसा उघड्यावर खाणेपिणे नाही, ऑफिसची वेळ कमी, आणि सूर्यास्तानंतर सारे शहर जागे. महिन्याच्या मध्यावर शेजारची मुले पिशव्या घेऊन गाणी म्हणत दारोदार खाऊ मागायला निघतात. त्याला करंकशोह म्हणतात, आणि यंदा आमची मुलेही त्यांच्यात सामील होती. ईदला शेजारच्या बुजुर्गांनी आग्रहाने आपल्या गावी नेले, ते शुवा खायला. मसाला चोपडलेले मटण केळीच्या पानांत गुंडाळून, झावळ्यांच्या पिशव्यांत भरून, जमिनीतल्या भट्टीत निखाऱ्यांवर सोडतात, तोंड मातीने लिंपून टाकतात आणि चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ तसेच ठेवतात. भट्टी साऱ्या गावाची मिळून असते. प्रत्येक घराच्या पिशवीला खूण असते. उघडण्याच्या वेळी जी झुंबड उडते आणि जो धूर व वास सुटतो, तो पाहून मला आमच्या गावच्या जत्रेतल्या रश्श्याची आठवण झाली. मटणाला मात्र तोड नाही, हाड नुसते धरले की मांस सुटून येते.

एप्रिलमध्ये जबल अखदर या डोंगरावर गुलाब फुलतात. चढ इतका तीव्र आहे की चौकीवर पोलीस फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच सोडतात, म्हणून मालवणच्या मित्राची गाडी मागून घेतली, आणि गाडीसोबत तोही आला. सुमारे दोन हजार मीटर उंचीवर डोंगराच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. पाकळ्या पहाटे खुडतात आणि मातीच्या भट्टीवर, तांब्याच्या भांड्यांत गुलाबपाणी उतरवतात. धुरकट वास आणि जराशी पिवळसर झाक हे त्याचे लक्षण; बाजारात मिळणाऱ्या पाणीदार गुलाबजलाची सवय असलेल्यांना ते प्रथम रुचत नाही. तेच पाणी इथल्या हलव्यात जाते आणि कहव्यातही. आमच्या मालवणी मित्राचे मत असे पडले की हे सगळे ठीक, पण सुरमई नसेल तर डोंगर कशाला चढायचा. परतल्यावर त्याने मत्रहच्या मासळीबाजारातून सुरमई आणली आणि आमच्याच स्वयंपाकघरात तिरफळे घालून तिचे कालवण केले. सुरमईला इथे कनद म्हणतात आणि ती उत्तम मिळते, हे मांसाहारी मित्रांना बोलावताना मी आवर्जून सांगतो.

जूनमध्ये ही आणि मुले भारतात होती, मी मस्कतमध्ये. त्या महिन्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पंचेचाळीस अंशांत माणूस फक्त एका वातानुकूलित जागेतून दुसऱ्या वातानुकूलित जागेत जातो.

जुलैअखेर दक्षिणेकडच्या सालाला शहरी गेलो ते मात्र ठरवून, कारण खालच्या मजल्यावरचे सोलापूरचे कुटुंब सप्टेंबरात कायमचे परत जाणार होते आणि त्यांनी इतक्या वर्षांत खरीफ, म्हणजे तिथला पावसाळी मोसम, पाहिला नव्हता. अंतर सुमारे हजार किलोमीटर. आदम, हैमा, थुमरैत अशी नावे येतात, मधे सपाट रेताड माळ, तेलविहिरी आणि रस्त्यावर निवांत उभे असलेले उंट. थुमरैत सोडून डोंगराच्या कडेशी आलो आणि काचेवर धुके येऊन आदळले. गाडीतले सगळे एकदम गप्प झाले. नैर्ऋत्येचा तोच मोसमी वारा आपल्या कोकणात धो धो कोसळतो; इथे मात्र उन्हाळ्यात समुद्राच्या तळातले थंड पाणी वर येत असल्यामुळे किनाऱ्यावरची हवा गार होते, ढग डोंगराला अडून खालीच राहतात, आणि पाऊस असा फारसा पडतच नाही, नुसती भुरभूर अंगावर येत राहते. २१ जूनपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे चालते. वादी दरबात या दरीतला धबधबा पाहताना वहिनींनी छत्री मिटून ठेवली आणि भिजत उभ्या राहिल्या. त्यांना कोणी हटकले नाही.

लोबानाची झाडे या हिरव्या भागात असतील अशी माझी समजूत होती. ती असतात डोंगराच्या पलीकडे, जिथे धुके पोहोचत नाही तिथल्या कोरड्या उतारांवर, आणि सर्वोत्तम मानला जाणारा होजरी लोबान तिथलाच. साल खरवडून चीक वाळू देतात. खोर रोरीच्या खाडीवर सुमहुरम या प्राचीन बंदराचे अवशेष आहेत. तिथून लोबान जहाजांनी जात असे, आणि तिथल्या उत्खननात भारतातून आलेली एक लहानशी कांस्यमूर्ती सापडली आहे. म्हणजे आपल्याकडची माणसे या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपासून ये-जा करीत आहेत. कामाच्या परवान्याची मुदत तेवढी नवी.

रस्त्याच्या कडेला नारळ, केळी आणि पपया यांच्या टपऱ्यांची रांग लागते. ही म्हणाली की गणपती जवळ आले आहेत, तेव्हा सोलले न गेलेले नारळ घेऊन ठेवावेत. ते गाडीच्या डिकीत हजार किलोमीटर गडगडत आले आणि ऑगस्टअखेरीस त्यांच्याच खोबऱ्याचे उकडीचे मोदक झाले. मोदक वळायला सोलापूरच्या वहिनी होत्या, मालवणी मित्राची आई होती आणि शेजारच्या ओमानी घरातली मुलगीही होती. तिच्या मोदकाला कळ्या पडल्या, आमच्या थोरलीच्या पडल्या नाहीत, यावरून घरात दोन दिवस अबोला होता. विसर्जन घरीच, पाण्याच्या पिंपात केले.

सप्टेंबरात ते कुटुंब गेले. इथला मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत आवरून निघावे लागते, आणि कित्येक पदे आता स्थानिक तरुणांकडे जात आहेत, ज्यात गैर काहीच नाही. परदेशी मैत्री लवकर जुळते, कारण डॉक्टरकडे कोणाला घेऊन जायचे आणि मुले रात्री कोणाकडे ठेवायची हे पहिल्याच महिन्यात ठरवावे लागते. आणि ती तितक्याच लवकर विमानतळावर पोहोचते. त्यांनी जाताना मोठा कुकर, कढीपत्त्याच्या कुंड्या आणि इडलीचे पात्र आमच्याकडे ठेवले. त्यातले पात्र त्यांना त्यांच्याआधी गेलेल्या कुटुंबाने दिले होते.

नोव्हेंबरच्या सुटीत किनाऱ्यावरची सूर आणि रास अल जिंझ ही ठिकाणे पाहून झाली. सूरला लाकडी जहाजे बांधण्याचा कारखाना अजून चालतो, आणि रास अल जिंझला रात्री वाटाड्याबरोबर जाऊन हिरवी कासवे अंडी घालताना पाहता येतात. फोन, दिवे, बोलणे सगळे बंद ठेवावे लागते. आमच्या धाकट्याला इतका वेळ गप्प राहिलेला मी प्रथमच पाहिला.

मुसंदम मात्र मुद्दाम राखून ठेवला आहे. तो ओमानचाच तुकडा, पण मधे संयुक्त अरब अमिरातींची हद्द येते. तिथल्या खडकाळ खाड्यांत डॉल्फिन दिसतात, आणि एका ओसाड बेटावर इंग्रजांनी १८६४ साली भारताशी जोडणाऱ्या तारेसाठी तारघर बांधले होते. तुझी तारखात्यातली जुनी नोकरी लक्षात घेता ते तुझ्यासोबतच पाहायचे असे मी ठरवले आहे. मुंबईहून विमानाने तीनेक तास लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातली तारीख कळव, उन्हाळ्यात येऊ नकोस. येताना वहिनींच्या हातचे गोडा मसाला आणि मेतकूट आण, भाकरीचे पीठ नको, ते इथे मिळते. व्हिसाचे मी पाहतो. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत तेवढी लगेच पाठव.

घरात सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
मस्कतवासी मित्र