मामाची केमो आणि उंदरांवरची चाचणी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, की मामाच्या मूत्राशयातल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा उंदरात वाढवून औषध आधी त्याच्यावर बघता येईल का. असं करतात, हे खरं आहे. पण मामाची केमो त्यासाठी एक दिवसही थांबवू नका. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

दुर्बिणीतून काढलेल्या गाठीचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे थंड द्रावणात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावे लागतात. तिथे ते प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली बसवतात. साधा उंदीर माणसाची गाठ अंगात राहूच देत नाही. इथेच बरंच फसतं. गाठ विजेच्या तारेने खरवडतात, त्यात कडेचा भाग जळतो, आणि जळका तुकडा रुजत नाही. लघवीतले जंतूही सोबत येतात. कधी गाठ छान वाढते, पण ती मूत्राशयाची नसतेच. तुकड्यात आलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशींमध्ये ईबीव्ही विषाणू दडलेला असतो, उंदरात त्याला अडवणारं कुणी नसतं, आणि लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, तयार होतो. म्हणून गाठीचा काप काढून केराटिन (मूत्राशयाच्या गाठीची खूण) आणि सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) हे दोन रंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रुजलेली गाठ वाढायला महिने जातात. मग तीच गाठ आणखी उंदरांत लावायची, कारण एका उंदरावरून काही ठरत नाही. निम्म्यांना औषध, निम्म्यांना सलाइन. गाठ १५० ते २०० घन मिलिमीटर झाली की सुरुवात. माप कॅलिपरने घेतात : लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले २. लांबी १० आणि रुंदी ६ मिलिमीटर असेल तर १८०. रुंदी चुकून ७ धरली तर एकदम २४५! म्हणून मोजणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच ठेवावी, आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे तिला माहीत नसावं.

सिस्प्लॅटिन हे केमोतलं प्लॅटिनम असलेलं औषध सलाइनमध्येच द्यावं. डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलं तर तो द्रावकच प्लॅटिनमला चिकटतो आणि औषध निकामी होतं. मग गाठ औषधाला दाद देत नाही असा खोटाच निष्कर्ष निघतो. डोसाचंही तसंच. उंदराला किलोमागे ६ मिलिग्रॅम दिलं, तर ते शरीराच्या दर चौरस मीटरला सुमारे १८ मिलिग्रॅम होतं. माणसाला देतात ७०, म्हणजे उंदराला मिळालेलं औषध त्या मानाने कमीच. वजन २० टक्क्यांनी उतरलं की त्या प्राण्याचा प्रयोग थांबवावा लागतो.

आई, तुला त्या मुक्या जिवांचं वाईट वाटतं, ते मला कळतं. आपल्याकडे संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी नसेल तर असा प्रयोग करता येत नाही. १९९८ चे नियम आहेत.

उंदरांवरच्या प्रयोगाच्या दुसऱ्या प्रकारात गाठ बाहेरून बसवत नाहीत, तर उंदरांना बीबीएन नावाचं रसायन ०.०५ टक्के पाण्यातून साधारण वीस आठवडे पाजतात. त्यांना मूत्राशयातच, स्नायूत घुसणारा कॅन्सर होतो आणि प्रतिकारशक्तीही शाबूत असते, म्हणून केमोसोबत इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारे उपचार) अभ्यासायला मला हाच प्रकार जास्त भरवशाचा वाटतो. स्कॉटिश टेरिअर कुत्र्यांना तर हा आजार आपोआप होतो. मात्र बहुतेक कुत्र्यांच्या गाठीत बीआरएएफ जनुकातला जो बदल सापडतो, तो माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीत क्वचितच असतो. हे सगळं कुठलं औषध कुठल्या प्रकारच्या गाठीवर का चालतं, हे शोधण्यासाठी आहे. एकट्या मामाचं उत्तर त्यातून वेळेत येणार नाही, आणि स्नायूत शिरलेल्या गाठीला तीन-चार महिने मोकळं सोडणं धोक्याचं आहे.

माणसांवरचा पुरावा आपल्या हातात आहेच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आधी सिस्प्लॅटिन असलेली केमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात कॅन्सर उरला नव्हता. थेट ऑपरेशन झालेल्यांत हेच प्रमाण १५ टक्के होतं.

सिस्प्लॅटिन किडनीला आणि कानांना बाधू शकतं, तेव्हा लक्ष मामाच्या किडनीकडे द्या. रिपोर्टवर क्रिएटिनिन नॉर्मल दिसलं तरी निर्धास्त राहू नका. बारीक, वयस्क माणसात स्नायू कमी असतात, त्यामुळे किडनी मंदावली तरी तो आकडा चांगला दिसतो. क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळून साफ करते, तो किती, ते विचारा. सिस्प्लॅटिनसाठी तो सहसा मिनिटाला ६० मिलिलिटर तरी लागतो. सोनोग्राफीत किडनी फुगलेली असेल तर नळी घालून तिचा निचरा आधी करता येईल का, तेही विचारा. ऐकू कमी येतं हे मामा स्वतः सांगणार नाही, तुम्ही डॉक्टरांना सांगा. गुडघ्यांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या त्याने मनाने घेऊ नयेत.

दुसरं मत घ्यायला खारघरला टाटाच्या केंद्रात यायचं ठरलं, तर नुसते कागद आणू नका. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स लॅबमधून मागून घ्या, सीटीची सीडीही घ्या. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला थांबते. मी स्टेशनवर येईन.

तुमची,
मनू