पूल झाले, एअरपोर्ट झाला, आता जरा गाळ्यात पण डोकवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेले कित्येक महिने पेपरात वाचतोय की मुंबई महानगर प्रदेश ग्रोथ हब होणार, नीती आयोगाने आपल्या भागाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायचं ठरवलंय. चांगलंय की, कोणाला नकोय. पण बातमी कुठलीही उघडा, त्यात अटल सेतू, विमानतळ, तिसरी मुंबई, मेट्रो, पारसिकच्या डोंगरातला बोगदा, म्हणजे सिमेंट आणि जमीन. तासाभरात एक माणूस आणि एक मशीन मिळून जास्त माल, कमी रिजेक्शनचा माल कसा काढतील, ज्याला उत्पादकता म्हणतात, त्यावर कोणी बोलताना दिसत नाही. आणि पगार शेवटी त्यातूनच वाढतो, पुलावरून नाही.

मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या इंजिनिअरिंग युनिटचं परचेस आणि स्टोअर बघतो, राहतो ऐरोलीला, त्याआधी बरीच वर्षं वागळे इस्टेटला होतो. अर्थशास्त्रज्ञ वगैरे नाही, पण शहरांच्या अर्थकारणावर जे संशोधन होतं ते वाचायची खोड आहे (मुलगी म्हणते बाबा तुम्ही आता पीएचडीच करून टाका). या वाचनात एक गोष्ट सापडली ती ठाण्यात कोणालाच कशी माहीत नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं, कारण ती आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे.

तारापूर एमआयडीसी. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधी तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. २००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि वर्ल्ड बँकेतली मंडळी, निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे, तारापूर आणि पलीकडच्या उंबरगावच्या कापड कारखान्यांत आली. १७ कंपन्या, त्यांचे २८ कारखाने. त्यातले काही कारखाने चिठ्ठ्या टाकतात तसे निवडून त्यांना मोठ्या कन्सल्टन्सी कंपनीची माणसं पाच महिने फुकट दिली आणि बाकी काहींची नुसती महिनाभर तपासणी करून सोडून दिलं, म्हणजे फरक मोजता यावा. आता कन्सल्टंट म्हटल्यावर आपल्याला वाटतं नवीन लूम घ्या, रोबो आणा असं काहीतरी सांगितलं असेल. तसलं काही नाही. आधी काय होतं तर सूत ओलीत कसंही रचलेलं, लेबल नाही, हत्यारं इकडे तिकडे पडलेली, कापडात डाग कुठल्या मशीनवर येतात याची कुठे नोंदच नाही. मग त्यांनी रोज डिफेक्ट लिहायला लावले, कुठल्या लूमचा आणि कुठल्या प्रकारचा ते पण, सुताचा स्टॉक लिहायला लावला, स्पेअर पार्ट रॅकवर नीट लावले, मशीन बिघडायच्या आधी मेंटेनन्स करायचा, फ्लोअर साफ ठेवायचा, अशा एकूण ३८ सवयींची यादी होती. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी आणखी कारखाने काढले. हे सगळं २०१३ मध्ये छापून आलंय, जगभर शिकवलं जातं. नंतर २०१७ ला तीच मंडळी परत बघायला आली तेव्हा निम्म्याच्या आसपास सवयी सुटलेल्या होत्या पण बाकीच्या टिकल्या होत्या आणि हे कारखाने अजून इतरांच्या पुढेच होते.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. शहर मोठं झालं की उत्पादकता वाढते यावर ढीगभर अभ्यास झालेत, रोझेंथाल आणि स्ट्रेंज या दोघांनी २००४ साली ते सगळे एकत्र बघितले तर शहराचा आकार दुप्पट झाला की उत्पादकता साधारण ३ ते ८ टक्के वाढते असं निघालं. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत हे मला कळतं, एक अख्ख्या शहराचा आहे आणि दुसरा मूठभर कारखान्यांचा. तरी पण नवी मुंबई दुप्पट करायची म्हणजे किती पाणी, किती जमीन, किती लोकल लागतील, आणि वही-पेन-रॅकला किती खर्च येतो, याचा कोणीतरी हिशोब मांडायला नको का?

मालकांनी हे आधीच का केलं नाही, हे त्या अभ्यासात वाचण्यासारखं आहे. काहींना माहीतच नव्हतं, काहींना वाटत होतं आपला माल बाजूवाल्याइतकाच चांगला आहे मग मोजायचं कशाला. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे कंपनी किती मोठी होणार हे मालक किती चांगला कारभार करतो यावर नव्हतं, घरात कर्ती पुरुष माणसं किती यावर होतं, कारण माल आणि पैसा बाहेरच्याच्या हातात द्यायची हिंमत नाही. मुलगे-भाऊ संपले की कारखाने संपले. नोंदी लिहायला लागल्यावर मॅनेजरवर भरवसा टाकता यायला लागला, म्हणून पुढचा कारखाना काढता आला.

हे वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेसवर डाय (म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायची असते, डाय खालच्या रॅकमध्ये, क्लॅम्प दुसऱ्या मशीनखाली, ॲलन की कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये, आणि नवीन बोल्ट कपाटात ज्याची चावी शेठच्या खिशात. शेठ बँकेत. प्रेस उभी, ऑपरेटर उभा, हेल्पर चहा आणायला गेला, तिकडे पार्टीचा फोन की माल कधी. चोरी होऊ नये म्हणून कपाटाला कुलूप आणि बोल्टपेक्षा कितीतरी महाग प्रेसचा वेळ उघड्यावर. बरं माणूस आळशी आहे म्हणाल तर अजिबात नाही, शेठ सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि रात्री शटर पण तेच पाडतात.

दुसरी गोष्ट या गल्ल्यांची स्वतःची ताकद. एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली आणि तिच्या अगदी पहिल्या वसाहतींमध्ये आपली वागळे इस्टेट. तिथे एक काळ असा होता की ड्रॉइंग हातात घेऊन निघायचं, टर्निंग एका गाळ्यात, हीट ट्रीटमेंट दुसऱ्या गल्लीत, मग झिंक प्लेटिंग, मग पावडर कोटिंग, संध्याकाळी टेम्पोत माल. नवीन मशीन कोणी घेतलं, कोणाकडे चांगला डायमेकर आहे, हे टपरीवर उभं राहिलं की कळायचं. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये हेच लिहिलंय, एका धंद्याची माणसं एका जागी असली की कारागीर मिळतात, जोडधंदे उभे राहतात आणि कामातल्या खुब्या हवेतच असतात. आता ग्लेझर वगैरेंनी २०१७ ला अमेरिका, ब्राझील, चीन आणि भारताची तुलना केली त्यात दाट वस्तीचा कमाईशी संबंध भारत आणि चीनमध्ये अमेरिकेपेक्षा जास्त घट्ट निघाला. म्हणजे हे जवळ जवळ असणं आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

आणि आपण करतोय काय, गाळे पाडून काचेच्या इमारती. जागेचे भाव बघून मालकाचं पण चुकत नाही, लेथ चालवून जे वर्षात मिळत नाही ते जागा देऊन मिळतं. पण आमचा प्लेटिंगवाला लांब गेला तेव्हापासून टेम्पोचं भाडं वाढलं हा छोटा प्रॉब्लेम आहे, मोठा प्रॉब्लेम हा की पूर्वी थर कमी बसला की मी पार्ट हातात घेऊन चालत जायचो आणि आम्ही दोघं टाकीपाशी उभं राहून कारण शोधायचो, आता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो आणि तो म्हणतो ठीक आहे परत पाठवा. कारण कोणालाच कळत नाही, पुढच्या लॉटला परत तेच.

डेटा सेंटरबद्दल पण बोलायला हवं कारण ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात त्यांचीच हवा आहे. मी विरोधात नाही, टॅक्स-गुंतवणूक सगळं येतं. पण अमेरिकेत ग्रीनस्टोन, हॉर्नबेक, मोरेटी यांनी २०१० ला दाखवलं की मोठा कारखाना एखाद्या भागात आला की पाच वर्षांत तिथल्या जुन्या कारखान्यांची उत्पादकता, तो प्लांट थोडक्यात हुकलेल्या भागांच्या तुलनेत, साधारण १२ टक्के वर जाते, आणि जास्त फायदा कोणाला तर ज्यांचं तंत्र आणि कामगार त्या नव्या कारखान्याशी जुळतात त्यांना. डेटा सेंटरचं आणि आमच्या टर्नर-फिटरचं काय जुळतं? उभं राहताना केबल ट्रे, पॅनल, फॅब्रिकेशनची कामं निघतात, एकदा सुरू झालं की आत माणसं मोजकीच. तर ती कामं तरी रबाळ्यातल्या युनिटला मिळतील अशी काही सोय करा, नुसती जमीन देऊन मोकळे होऊ नका.

रस्त्यांचं थोडक्यात. ड्युरांटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचं बघितलं, हायवे जितका वाढवला तितक्याच प्रमाणात गाड्यांची धाव पण वाढली, कोंडी तशीच. घोडबंदर रोडवाल्यांना हे सांगायला संशोधक नको. लोकलचं मात्र वेगळं आहे कारण तिने कामाला माणसं मिळण्याचा पट्टाच वाढतो. २००४ ला ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला आणि कुठली कुठली माणसं या पट्ट्यात कामाला यायला लागली. दिघा स्टेशन जानेवारी २०२४ ला उघडलं, पण कळव्याहून ऐरोलीला थेट येणारा उन्नत मार्ग रहिवाशांच्या पुनर्वसनापायी रखडला, त्यामुळे डोंबिवली-कल्याणचा ऑपरेटर आजही ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर धावत जातो आणि सातची पाळी सव्वासातला सुरू होते. पुनर्वसन नीट करायलाच हवं, त्यांना उठवून फेकू नका, पण एवढ्या हजारो कोटींच्या कामांत हे एक सुटत नाही?

तर मागणी काय. केंद्र सरकारची लीन नावाची योजना आहे, मार्च २०२३ मध्ये नारायण राणे मंत्री असताना नव्याने सुरू झाली, छोट्या उद्योगांना कन्सल्टंट लावून हीच सगळी कामं शिकवायची आणि खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारचा. म्हणजे तारापूरला जे फुकट दिलं ते इथे जवळपास फुकटच मिळतंय. आमच्या गल्लीत विचारा, कोणाला पत्ता नाही. कोणी सांगितलं तरी शेठ म्हणणार शिकलेली पोरं लॅपटॉप घेऊन येणार आणि आम्हाला धंदा शिकवणार. यावर पण उपाय झालेला आहे, कोलंबियात गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांना एकेकट्याला कन्सल्टंट देण्याऐवजी काही कंपन्यांचा गट करून एकत्र शिकवलं, खर्च सुमारे एक तृतीयांश आणि सुधारणा तेवढीच. आपल्याकडे हे कोण करू शकेल तर वागळेत टिसा ही छोट्या उद्योजकांची संघटना आहे, रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, दोघांकडे सभासद आहेत, हॉल आहेत. महापालिका आणि एमआयडीसीने उरलेले १० टक्के पहिल्या शंभर युनिटसाठी भरावेत, एका फूटब्रिजच्या खर्चात सुद्धा हे बसेल असा माझा अंदाज आहे, आणि वर्षभराने रिजेक्शन किती कमी झालं, डिलिव्हरी किती वेळेवर गेली, पगार वाढला का, हे जाहीर करावं. पगाराचं मुद्दाम लिहितोय कारण हेल्परला लगेच वाटतं की आता माणसं कमी करणार. तारापूरला वाढ झाली ती नवीन कारखाने निघून, हे त्यांना मराठीत कोणीतरी सांगायला पाहिजे.

मोजायचं म्हणतोय कारण सध्या काहीच मोजलेलं नाही. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आकडा येतो, त्यात नवी मुंबई पण आणि शहापूर-मुरबाड पण, आणि पनवेल तर रायगडमध्ये. जनगणना शेवटची २०११ ची, तेव्हा नवी मुंबई ११ लाख आणि ठाणे १८ लाख, त्यावर आपण २०३० चे डॉलर मोजतोय.

तुमच्या पेपरने एवढंच करावं की एक वार्ताहर या गल्ल्यांमध्ये दिवसभर फिरवावा आणि लीन योजनेबद्दल किती जणांनी ऐकलंय ते विचारून छापावं. पहिल्या गटासाठी आमच्या गल्लीतली पाच-सहा नावं मी द्यायला तयार आहे, शेठला न विचारता.

आपला एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई