जिन्याखालचा जनरेटर : अध्यक्षांना पाचवे पत्र

दि. २२ जून २०२५
प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, आपली सोसायटी, अलिबाग

विषय : सदनिका क्र. २ यांचा पेट्रोल जनरेटर, त्याची जागा, त्याची वायर आणि समितीचे मौन.

महोदय,

स. न. वि. वि.

या विषयावरचे माझे हे पाचवे पत्र. पहिल्या चारांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. तक्रार पुढच्या समिती सभेत ठेवून त्यानंतर १५ दिवसांत निर्णय सदस्याला कळवावा, असे आपल्या उपविधीत आहे. आपण तो कागद सही करून स्वीकारलेला आहे, म्हणून आठवण करून दिली. राग नाही.

गेल्या गुरुवारचे सांगतो. रात्री ९.४० ला वारा सुटला, कुठेतरी झाड तारांवर गेले आणि वीज गेली. ९.५० ला क्र. २ यांनी जनरेटरची दोरी ओढायला घेतली. मी गॅलरीत उभा राहून मोजले : चौदा झटके. पंधराव्याला मशीन सुरू झाले. (चौदा झटके का लागतात, तेही सांगतो. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत तसेच राहिले की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. महिन्यातून एकदा अर्धा तास लोड टाकून चालवा, नाहीतर कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होऊ द्या, असे मी ग्रुपवर दोनदा लिहिले. दोन्ही वेळा त्यांच्याकडून हात जोडल्याचे चित्र आले.) मग ते मशीन २.१५ पर्यंत चालले, आणि चालले कुठे, तर जिन्याखाली.

एरवी ते मागच्या चौकात असते. तेही चूकच, कारण त्या चौकात आठ संडास-बाथरूमच्या जाळ्या उघडतात आणि धूर त्याच वाटेने वर चढतो. पण पाऊस आला की मशीन भिजू नये म्हणून ते आत ओढले जाते, मीटरबोर्डाशेजारी, आणि बाजूला पेट्रोलचे दोन पांढरे प्लास्टिकचे कॅन. अध्यक्ष महोदय, मी ३१ वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुले शिकवली. मीटरबोर्ड, पेट्रोल आणि गरम सायलेन्सर तीन हातांच्या आत मांडून दाखवा असे परीक्षेत विचारले असते, तर एकाही मुलाला ते जमले नसते.

धुराचे काळे दिसते ते नुसते काळे असते. खरा घात करतो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरते. आधी डोके जड होते, मग झोप येते, आणि झोपलेल्याला कळत नाही. म्हणून असली मशीन दारा-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, उघड्यावर, सायलेन्सरचे तोंड पलीकडे करून ठेवायची असते. आपला जिना दारापासून चार फुटांवर आहे. शुक्रवारी सकाळी माझ्या नातवाचे डोके दुखत होते. मोबाइल बघून दुखते, असे मुलगा म्हणतो. मी नुसते नोंदवून ठेवतो.

क्र. २ यांनी ग्रुपवर कायदा टाकला होता. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही, आणि खाली हसरा चेहरा. बरोबर आहे. पण त्याच कलमाची पुढची ओळ त्यांनी वाचलेली दिसत नाही. हे पेट्रोल घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या नाहीतर धातूच्या भांड्यात ठेवायचे. काचेचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नको. प्लास्टिकचे नावच नाही. सोयीचे तेवढेच वाचायचे ही सवय आपल्या सोसायटीत बरीच पसरली आहे.

सोयीचे मी वाचत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. माझ्या बेडरूमच्या खिडकीत मोबाइलवर ७१ आले. मोबाइलचे मीटर काटेकोर नसते, हे मला चांगले कळते. म्हणून दहा कमी धरा. तरी ६१ उरतात.

आता वायरकडे येतो, कारण झोप आणि धूर एकवेळ बाजूला ठेवू. त्यांनी जनरेटरची वायर घरातल्या पॉवर पॉइंटमध्ये खोचली आहे आणि तिला दोन्ही टोकांना प्लग आहे. म्हणजे मशीनकडून निघालेला एक प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटा करंट भरतो आणि सगळे घर उजळते. सोपे, स्वस्त आणि जिवाशी खेळ. ती वायर सॉकेटमधून निसटली, तर पितळी पिना हातात जिवंत. आणि मेन स्विच पाडायला विसरले, तर २३० व्होल्ट मीटरमधून उलटे लाईनवर. बहुतेक वेळा शेजारच्या घरांचा लोड अंगावर येऊन मशीन जागच्या जागी बसते. पण तार तुटून लाईन मोकळी असेल, तर तोच करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढतो आणि पलीकडे ११ हजार व्होल्टच्या बाजूला जातो. भर पावसात खांबावर चढलेल्या वायरमनला वाटते लाईन बंद आहे. त्याला क्र. २ माहीत नसतात.

गुरुवारी मेन पाडला होता की नाही, हे मी रात्री ११ वाजता खाली जाऊन विचारले. ते म्हणाले, "पाडला असेल." यावर चेंजओव्हर स्विच हे उत्तर आहे. एका वेळी एकच बाजू लागते, विसरायची सोय राहत नाही. तो बसवून द्यायला मी तेव्हाही तयार होतो, मजुरीशिवाय. त्यांनी सांगितले, "काका, नंतर बघू." हे नंतर २०२१ पासून चालू आहे.

हे सगळे टळले असते, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. आपल्या इमारतीत नऊ दिवस वीज नव्हती, टाकी कोरडी, आणि वर लॉकडाऊन. माझा इन्व्हर्टर होता, १५० एएचच्या बॅटरीचा. नवी, पूर्ण भरलेली असली तरी त्यात जेमतेम पावणेदोन युनिट मावते. दोन पंखे, तीन दिवे आणि सौ.चा टीव्ही एवढ्यावर पहिलीच रात्र निघाली. बॅटरी परत भरायलाही वीजच लागते, हे लोकांना वादळातच आठवते. तेव्हाच, ४ ऑगस्ट २०२० ला, मी समितीला अकरा पानी टिपण दिले : सोसायटीने स्वतःचा एक सामाईक जनरेटर घ्यावा आणि तो कसा निवडावा.

ते टिपण कोणी वाचले नाही, म्हणून थोडक्यात पुन्हा. दुकानात जाऊन "घरासाठी एक द्या" म्हणायचे नसते. आधी लोड मांडायचा. आपला पंप दोन एचपीचा, तो चालताना दोनेक किलोवॉट खातो. जिना आणि आवारातले दिवे धरा तीनशे वॉट. सोळा घरांना प्रत्येकी एक पंखा आणि दोन दिवे, शंभर वॉटप्रमाणे सोळाशे. बेरीज चार किलोवॉटच्या आत. जनरेटरची ताकद किलोवॉटमध्ये नव्हे, केव्हीएमध्ये लिहिलेली असते; किलोवॉटला ०.८ ने भागले की केव्हीए येतो, म्हणजे इथे पाच केव्हीए. इथे लोक थांबतात आणि पाचचे मशीन आणतात. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून मी १० केव्हीए लिहिले होते, डिझेल, आवाज अडवणाऱ्या डब्यासकट, आणि पंप नेहमी आधी सुरू करायचा, बाकीचा लोड मागून. समितीने तोंडी कळवले, "खर्च फार होतो." त्याच वर्षी गेटला ग्रॅनाइट लागले.

मग तौक्ते आले, मे २०२१. त्यानंतर क्र. २ यांनी स्वतःच मशीन आणले. कोणाला विचारून, ते त्यांनाच ठाऊक. २.१ केव्हीए, म्हणजे हातात सतराशे वॉट. फ्रिज, पंखे, टीव्ही यांना ठीक. त्यांनी पहिल्याच दिवशी दीड टनाचा एसी लावला. दिवे पिवळे पडले, मशीनने गुरगुर केली आणि झोपले. पुन्हा दोरी, पुन्हा एसी, पुन्हा तेच. मी वरून बघत होतो, पण न विचारता सल्ला द्यायचा माझा स्वभाव नाही.

त्यांची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. तौक्तेनंतर चार दिवस आमच्या सौ.चे इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये होते. त्यांच्या बायकोने बर्फाच्या कप्प्यापासून लांब, दारातल्या खणात, डबीवर नाव लिहून ठेवले होते. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण उपकार आणि अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सदस्यांचे म्हणाल, तर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे जवळजवळ सगळे माझ्याशी सहमत आहेत. नावे घालू नका म्हणाले, म्हणून घातली नाहीत. क्र. १० यांनी सुरुवातीला सही करतो म्हटले होते. नंतर कळले की त्यांच्या फ्रिजची वायरही जिन्यावरून खाली क्र. २ मध्ये गेली आहे. ती मी स्वतः ओलांडून वर येतो, चष्मा सांभाळत.

माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांचा मुद्दा या निमित्ताने पुन्हा काढला जाईल, याची मला कल्पना आहे. तो विषय वेगळा आहे, त्यावर मी वेगळे पत्र दिलेले आहे, आणि मिरचीच्या रोपाने आजवर कोणाला शॉक बसलेला नाही.

माझे मागणे मोठे नाही. जनरेटर जिन्याखालून आणि चौकातून हलवावा. मागच्या कंपाउंडला, बोअरिंगच्या पलीकडे, नारळाशेजारी जागा आहे. मी टेप लावून मोजली, सगळ्यात जवळची खिडकी २७ फूट. तिथे चार पाइप रोवून वर पत्रा टाकला की पावसाचा प्रश्न मिटला. बाजू मात्र उघड्या ठेवायच्या. चारही बाजूंनी पत्रे ठोकून खोली करू नये, हे आताच लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे तसेच होणार. नकाशा सोबत जोडला आहे. दुसरे, चेंजओव्हर बसेपर्यंत ती दोन प्लगांची वायर समितीने ताब्यात घ्यावी. कॅन पत्र्याचे आणावेत आणि मीटरबोर्डापासून दूर ठेवावेत. रात्री दहानंतर मशीन बंद. फ्रिज न उघडता ठेवला तर चारेक तास आतले गार राहते. आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे, तर सामाईक जनरेटरचा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर घालावा, "आयत्या वेळचे विषय" यात नव्हे. त्यासाठी उपसमिती नेमायची झाल्यास कोणाला नेमावे, हे मी सुचवणे बरे दिसणार नाही. अकरा पाने माझ्याकडे तयार आहेत.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये. वीज गेलेली असेल तर खालच्या मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

कळावे,
आपला नम्र,
सदनिका क्र. ६

सोबत : जागेचा नकाशा, डेसिबलचे फोटो (४), मागील पत्रांच्या पोचप्रती (४)

ता. क. : आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बुधवारी गेला आणि मेकॅनिक मंगळवारशिवाय येत नाही. सौ.चे इन्सुलिन पुन्हा क्र. २ यांच्याकडे आहे. तरी या पत्राची प्रत त्यांना बुधवारी द्यावी, त्याआधी नको.