ओटा न फोडता नवा होतो, पण एका दिवसात नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर ‘ओटा न फोडता एका दिवसात नवा’ अशी पत्रके सोसायट्यांमधून वाटली जातात. यातला अर्धा भाग खरा आहे. कडप्पा किंवा ग्रॅनाइटच्या जुन्या ओट्यावर टाइल बसवता येते, डेब्रिजच्या गोण्या जिन्यावरून उतरवाव्या लागत नाहीत आणि खालच्या ट्रॉल्याही हलवाव्या लागत नाहीत. ‘एका दिवसात’ ही मात्र शुद्ध थाप आहे.

नेहमीचा सिमेंटचा माल खालच्या पृष्ठभागाने थोडे पाणी शोषले तरच त्याला धरतो. पॉलिश केलेला दगड पाणी पीत नाही. वरची व्हिट्रिफाइड टाइलही जवळजवळ पीत नाही, तिची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याच्या आतच असते. त्यामुळे इथे पॉलिमर असलेले टाइल ॲडेसिव्ह लागते. पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘जुन्या टाइलवर टाइल’ हा वापर, दोन्ही छापलेले पाहून घ्यावे. हे ॲडेसिव्हसुद्धा दोन न शोषणाऱ्या थरांमध्ये अडकले की सावकाश सुकते, कारण आतल्या पाण्याला वाट फक्त सांध्यांतून असते. म्हणून सांधे भरण्याआधी ४८ तास थांबावे. एका दिवसाच्या कामात नेमके हेच थांबणे गाळले जाते.

त्याआधी ओटा तपासायला हवा. हाताने दाबल्यावर डुगडुगणारा, सिंकच्या कोपऱ्यात आरपार चिरलेला किंवा मागच्या भिंतीतून ओल येणारा ओटा झाकू नये, तो फोडावाच. ओट्यावर आधीच टाइल असेल तर नाण्याने ठोकत जावे आणि पोकळ वाजेल ती काढून खड्डा भरून घ्यावा. दहा फुटी ओट्यावर टाइल व ॲडेसिव्ह मिळून साधारण ५० किलो वजन वाढते. खालचे उभे कडप्पे शाबूत असतील तर ते पेलतात.

पूर्वतयारी कंटाळवाणी आहे, पण काम टिकते ते तिच्यावरच. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर न्यावा. धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओटा दोनदा घासावा, फोडणीच्या तेलाची पुटे शेगडीमागे आणि भिंतीच्या कडेला जास्त असतात. ॲसिड वापरू नये. कडप्पा हा चुनखडीचा दगड, ॲसिडने त्याचा वरचा थर भुसभुशीत होतो आणि टाइल त्या भुश्यालाच चिकटते. पकड यावी म्हणून अनेक मिस्त्री छिन्नीने टाचे मारतात. जमिनीवर ते चालते, पण अधांतरी बसवलेल्या पाऊण इंची दगडावर तडा जायला दोन घाव पुरतात. त्याऐवजी ग्राइंडरला डायमंड कप व्हील (दगड घासायची वाटीसारखी चकती) लावून चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावे. धूळ फुप्फुसाला घातक, विशेषतः ग्रॅनाइटची, म्हणून मास्क हवाच. मग ओटा धुऊन रात्रभर वाळू द्यावा. सकाळी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब पसरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तेल किंवा मेण अजून शिल्लक आहे, पुन्हा घासायचे.

मापात हमखास एक घोळ होतो. दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी टाइल ६०० मिमीची असते आणि दोन फुटी ओटा ६१० मिमीचा. ओट्याच्या समोरच्या कडेला लावायच्या पुढच्या पट्टीची जाडी व तिच्यामागचे ॲडेसिव्ह धरले तर ओट्याला सुमारे ६२२ मिमी रुंदी लागते. उरलेली चीर मग सिमेंटने बुजवली जाते आणि वर्षभरात हळदीने पिवळी पडते. दहा फुटी ओट्यासाठी ८०० × १६०० मिमीच्या दोन टाइल घेतल्या तर सांधा एकच येतो आणि कापून उरलेल्या तुकड्यांतून पुढची पट्टी निघते. तिसरी टाइल जादा ठेवावी. जाडी ९ मिमीच्या आसपास हवी. भिंतीची पातळ सिरॅमिक टाइल स्वस्त पडते, पण ओट्यावर नारळ फोडला की ती गेली.

ॲडेसिव्हच्या २० किलोच्या पिशवीला सुमारे ५ लिटर पाणी पुरते, नक्की आकडा पिशवीवर असतो. एवढ्या ओट्याला एक पिशवी पुष्कळ होते, मात्र एकदम सगळी कालवू नये. कालवून पाचएक मिनिटे तसेच ठेवून पुन्हा ढवळावे. घट्ट झाल्यावर वरून पाणी घालणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवावे. दातेरी थापीने ओट्यावर एका दिशेने रेघा ओढाव्यात आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यावा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत ओट्यावर घातक आहे. मध्ये पोकळी राहते आणि जड कुकर आपटला की टाइल नेमकी तिथे फुटते. सांधा २ मिमीचा ठेवावा आणि तो शेगडीच्या किंवा सिंकच्या खाचेवर येऊ देऊ नये. खाचेच्या चारही कोपऱ्यांत आधी ६ मिमीचे भोक पाडून मग कापावे. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून चीर निघते.

ओटा साधारण १२ मिमीने उंच होतो. म्हणजे दगडाखालून बसवलेले सिंक असेल तर टाइलची कड उघडी राहून पाणी मुरते, तिथे वरून बसणारे सिंक घेणेच बरे. पुढची पट्टी दगडाखाली थोडी उतरवावी म्हणजे पाणी बाहेर टपकते, पण वरची ट्रॉली तिला घासत नाही ना, ते आधी उघडून पाहावे.

सांधे इपॉक्सी ग्राउटनेच, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या मिश्रणानेच, भरावेत. त्याचा पुसट थर तासाभरात ओल्या स्पंजने पुसला नाही तर नंतर निघत नाही. ओटा आणि भिंत जिथे भेटतात तिथे मात्र ग्राउट नको, सिलिकॉन हवे, कारण दोन्हींची हालचाल वेगळी असते. सिंकभोवतीही तेच. सांधे भरल्यावर २४ तासांनी ओटा वापरता येतो, घासणी आणि क्लीनर आठवडाभर लांब ठेवावेत.

कोटेशनवर ॲडेसिव्हचे नाव व प्रकार, इपॉक्सी ग्राउट, ग्राइंडिंग आणि ‘बसवल्यावर ४८ तासांनी सांधे’ एवढे लिहून घ्यावे. जो ठेकेदार हे लिहून द्यायला कां कूं करतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नये.

आपला,
बांधकाम देखरेखीच्या क्षेत्रातील एक वाचक, ठाणे