काकू, तुमचा डबा परत पाठवते आहे

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही "काहून वं, म्या काय केलं?" म्हणून उठता आणि चहाचं आधण ठेवता. म्हणून हे लिहून काढलं, आणि चार जणांना वाचता येईल असं इथे ठेवते आहे. तुम्ही यंदा आमच्या घरासाठी जे केलंत ते जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

आई गेल्याला दोन वर्षं होत आली. पहिल्या वर्षी घरात सण नव्हताच. यंदा लेक आठ वर्षांची झाली आणि मी ठरवलं, हादगा घालायचा. आमच्या साताऱ्याकडे सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे २७ सप्टेंबरच्या आसपास, की हादगा बसतो आणि पुढे सोळा दिवस चालतो. बाहेर हत्तीचा पाऊस आणि घरात भिंतीवर समोरासमोर माळा धरून उभे असलेले दोन हत्ती. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन. सोळाव्या दिवशी सोळा. लहानपणी मी बोटांवर बेरीज केली होती, १३६ भरते. आईला ती सगळी येत. मला वाटायचं, मलाही येतात.

लेकीने ड्रॉइंग पेपरवर हत्ती काढले, मी भिजवलेल्या गव्हाची सुईदोऱ्याने माळ ओवली, दोन कारली, एक दोडका आणि एक सीताफळ टांगलं. तिच्या चार मैत्रिणींनी हात धरून फेर धरला. गणपतीचं गाणं झालं. पुढच्या गाण्याच्या दोन ओळी आल्या आणि तिसरी येईचना. माझ्या तोंडात फक्त चाल उरली होती. पोरी थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मोबाइलवर गाणं लावता आलं असतं, पण स्पीकरवरचं गाणं कुणासाठी थांबत नाही. त्याला फेरातली सगळ्यात धाकटी अडखळलेली कळत नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. दार उघडंच होतं.

तुम्ही कढीपत्ता मागायला आला होतात. काही विचारलं नाहीत. चपला काढल्यात, पदर खोचलात आणि पोरींच्या फेरात जाऊन उभ्या राहिलात. मग बाहेरून ते कारल्याचं गाणं ऐकू आलं. सून माहेरी जाऊ का विचारते आणि सासू एकेक काम पुढे करते: कारल्याचं बी पेर, वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, मग जा. गाणं आमचंच होतं, शब्द निराळे होते, चालही थोडी वळलेली. पण तिसरी ओळ होती. तुमची तिसरी ओळ ऐकली आणि मला आईची आठवली.

तेव्हाच मला कळलं की तुमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात भुलाबाई बसलेली आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला माहेरी येते ती आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत राहते, महिनाभराचं माहेरपण. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकरच. अमरावतीहून पुण्यात आल्यापासून तुम्ही दर वर्षी ती मांडता आणि संध्याकाळी एकट्याच टिपरीवर गाणी म्हणता, हे तुम्ही सहज सांगितलंत. एकाच जिन्यावर मी सहा वर्षं राहते आहे, काकू. टिपऱ्यांचा आवाज मी ऐकलाही होता. वर येऊन विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरी आधी आमच्याकडे हादग्याभोवती फेर धरायच्या आणि मग तुमच्याकडे टिपऱ्या घेऊन बसायच्या. मी शंभर पानी वही आणली. डावीकडे आईची गाणी, उजवीकडे तुमची. डावीकडे जिथे जागा कोरी राहिली तिथे उजवीकडच्या ओळी कामाला आल्या. तीन गाणी अशी निघाली की तुम्ही म्हणायला लागलात आणि दुसऱ्या कडव्यापासून मी माझ्या आईच्या शब्दांत पुढे नेली. ती माझ्या आत होतीच, फक्त कुणीतरी सुरुवात करून द्यायला हवी होती.

कडाकण्यांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आमच्याकडे नवरात्रात घटावर फुलोरा बांधतात: तळलेल्या कडाकण्या, आणि त्याच पिठाची वेणी, फणी, बांगड्या, देवीचा सगळा साज. तुम्ही हे कधी केलेलं नव्हतं. माझा पहिला घाणा मऊ पडला. दोऱ्यात ओवला की भोकाशी फाटत होता. तुम्ही एक तुकडा मोडून पाहिलात आणि म्हणालात, गुळाचं पाणी जास्त झालं. मग रवा-मैद्याचं घट्ट पीठ तुम्ही स्वतः वरवंट्याने कुटलंत, सत्तरी उलटलेल्या हातांनी, मी नको नको म्हणत असताना. पातळ लाटायचं, भोक तळायच्या आधीच पाडायचं, आच मंद ठेवायची. लेकीने वेणीचे तीन पेड घातले, फणीचे दात तुम्ही सुरीच्या टोकाने काढलेत. संध्याकाळी घटावर तो साज टांगला, खाली गव्हाचे कोंब बोटभर वर आलेले, आणि वाऱ्याने कडाकण्या एकमेकींवर वाजत होत्या. आईच्या घरातला आवाज तो. मी विसरले होते की त्या वाजतात.

तुम्ही मला कोहळं आणायला सांगितलंत आणि मी पेठ्याचा पांढरा कोहळा घेऊन आले, तेही आठवतं. तुमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात हे मला कुठून माहीत असणार? मग लाल भोपळा आला, तुम्ही त्याची बोंडं केलीत आणि मी घारगे. एकच गूळ, एकच कीस, एकच वेलची. तुमचं पीठ सैल, माझं थापण्याइतकं घट्ट. पोरींनी दोन्हींवर ताव मारला. कुठलं चांगलं ते कुणी सांगेना, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

आता कोजागिरी. तुमच्या पुतण्याने रात्रभर बसमध्ये सांभाळत ज्वारीचे पाच धांडे आणले, कणसांसकट. आमच्याकडे शाळू तेव्हा पेरणीला असतो, तुमच्याकडे ज्वारी कणसात आलेली. मी ते धांडे हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. त्यांचा मखर भुलाबाईवर उभा केला, गच्चीत दूध आटवलं, चारोळ्या आणि जायफळ घातलं, चंद्र पातेल्यात उतरेपर्यंत सगळे थांबले. मग आश्विनी. घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळायचं, म्हणून मी लेकीला पाटावर बसवलं, ओवाळलं, नवा फ्रॉक दिला. ताम्हन खाली ठेवणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आता तू बस. थोरली होय ना तू?"

हो, काकू. दोघा भावांची थोरली. आई दर कोजागिरीला मला ओवाळायची, लग्नानंतर फोनवर विचारायची, कुणी ओवाळलं का गं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलेलं नव्हतं. तुम्ही पिशवीतून खणाचं कापड काढलंत, म्हणजे आधीच ठरवून आला होतात. कुंकू लावताना तुमचा हात थोडा थरथरत होता. मी काहीच बोलले नाही, कारण बोलता आलं नसतं. आज लिहिते आहे: त्या पाटावरून उठल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

सोळा दिवस पुरे झाले, हादग्याची बोळवण झाली. ज्वारीची कणसं आमच्या बाल्कनीच्या गजाला बांधली आहेत, सकाळी चिमण्या येतात. लेक रोज विचारते की भुलाबाई परत कधी. वही तुमच्याकडे ठेवायची की माझ्याकडे, ते आपण ठरवू. सध्या तिच्यात अकरा पानं कोरी आहेत आणि तुम्हाला अजून गाणी येतात हे मला माहीत आहे.

तुमचा पितळी कडीचा डबा लेकीबरोबर वर पाठवते आहे. रिकामा नाही. उघडायच्या आधी हलवून बघा आणि ओळखा. कोरडं आहे, तळलेलं नाही. तीन वेळा चुकलात तर ती सांगेल.

तुमची,
खालच्या मजल्यावरची थोरली